ओव्हर झालेला फवारणी पंप: प्लग पुसण्याआधी वाचा

चार दिवसांची झड उघडून सकाळी ऊन पडलं, की आमच्याकडे वावरावावरातून फवारणीचे पंप निघतात. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, मावा, तुडतुडे चढलेले असतात. वारा सुटायच्या आत, म्हणजे नऊ-साडेनऊपर्यंत, जेवढ्या ओळी होतील तेवढ्या मारून घ्यायच्या असतात. अशाच एका सकाळी शेजारच्या धुऱ्यावरून हाक आली, "भाऊ, पंप सुरू होऊनच नाही राह्यला!"

गेलो. पोरगा घामानं भिजलेला, हाताला दोरीचे वळ. पंधरा-वीस मिनिटं ओढत होता. पंपाजवळ पेट्रोलचा उग्र वास, सायलेन्सरच्या तोंडाशी काळपट ओल.

"चोक लावूनच ओढून राह्यला काय?"

"हो नं. रात्रभर थंडा होता, म्हणून लावला."

"एकदा तरी भडकला होता काय?"

"एकदा फट्ट झाला, मंग बंद."

त्या 'फट्ट'पाशीच चोक काढायला हवा होता. त्यानंतर ओढलेली प्रत्येक दोरी आत पेट्रोलच भरत गेली. यालाच आपण इंजिन ओव्हर झालं म्हणतो. आमच्या गावाहून मिस्त्रीचं दुकान तालुक्याला, जाऊन येऊन अर्धा दिवस. तेवढ्यात उघाड संपते. म्हणून हे काम प्रत्येक फवारणाऱ्याला धुऱ्यावर बसून करता आलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. एक प्लग पाना, एक जुना दात घासायचा ब्रश, एक कोरडी सुती चिंधी आणि आरीच्या पात्याचा तुकडा, एवढंच लागतं.

इथे मी पाठीवरचा पेट्रोलचा पंप धरून चाललो आहे. आपल्याकडे सर्रास दिसतो तो वीस लिटर टाकीचा, २५-२६ सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनाचा, म्हणजे पेट्रोलातच ऑइल मिसळावं लागतं असा. गवत कापायच्या यंत्राला आणि कार्बोरेटरवाल्या (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) जुन्या मोटरसायकलला हीच रीत थोड्या फरकानं चालते.

आत काय झालेलं असतं

पेट्रोल जळतं ते वाफ होऊन, आणि तेही हवेत बेताचं मिसळलं तरच. १ भाग पेट्रोलला वजनानं १४ च्या आसपास भाग हवा लागते. चोक लावला की हवेची वाट अडते आणि पेट्रोल जास्त ओढलं जातं. थंड इंजिनाला दोन-तीन झटक्यांपुरतं ते हवंच असतं. त्यापुढे आतली हवा पेट्रोलानं इतकी जड होते की ठिणगी पडूनही ती पेट घेत नाही.

दुसरा भाग प्लगचा. कॉइलकडून येणारा करंट दहा हजार व्होल्टच्या वरचा असतो, आणि त्यानं मधल्या काडीवरून बाहेरच्या वाकड्या पायावर उडी मारायची असते. मधल्या काडीभोवतीची पांढरी चिनीमाती त्याला दुसरीकडे जाऊ देत नाही. पण त्या चिनीमातीवर काजळी धरली आणि वर ओलं पेट्रोल-ऑइल बसलं, की करंटला सोपी वाट मिळते. तो काजळीवरून सरळ इंजिनाच्या अंगात उतरतो, उडी मारतच नाही. मिस्त्री 'प्लग शॉर्ट झाला' म्हणतात तो हाच प्रकार. पेट्रोल जास्त आणि ठिणगी नाही अशी दुहेरी अडचण झाल्यावर नुसती दोरी ओढून काही होत नाही.

प्लग खोलायच्या आधी

पेट्रोलचा कॉक बंद करा. चोक पूर्ण काढा. रेस पूर्ण द्या, म्हणजे हवेची वाट सताड उघडी राहील. स्विच चालूच ठेवा आणि आठ-दहा वेळा दमदार दोरी ओढा. नवीन पेट्रोल येत नाही, आत शिरते ती हवाच. इंजिन थोडंसंच ओव्हर असेल तर इथेच ते धूर सोडत, अडखळत सुरू होतं. सुरू होताच रेस खाली आणा आणि कॉक उघडा. नाही झालं, तर पंप दहा मिनिटं सावलीत ठेवून पुन्हा एकदा हेच करून पाहा. तरीही नाही, तर पाना काढा.

एक सांभाळा: दोरी अर्ध्यात अडली, जोर लावूनही येत नसली, तर ताकद दाखवू नका. सिलेंडरमध्ये पातळ पेट्रोल साचलं असेल तर पिस्टन त्यावर अडतो, आणि पातळ पदार्थ दबत नाही. मोडेल ते इंजिनाचंच काहीतरी. अशा वेळी प्लग आधी काढायचा.

हात आधी धुवा

ही गोष्ट मी मुद्दाम वेगळी काढली. २०१७ च्या खरिपात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकऱ्यांचे, शेतमजुरांचे जीव गेले आणि शेकडो माणसं दवाखान्यात भरती झाली. त्यानंतर हातमोजे, मास्क, चष्मा यांच्याबद्दल पुष्कळ सांगितलं गेलं. पण पंप मधेच बंद पडला की माणूस पहिल्यांदा मोजे काढतो, कारण मोजे घालून प्लग खोलता येत नाही. हात औषधानं भरलेले, पंपाच्या अंगावर औषध ओघळलेलं, आणि त्याच हातानं प्लग तोंडाशी धरून फुंकर मारायची. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे, एकदा नाही, अनेकदा.

म्हणून टाकीत औषध असेल तर झाकण घट्ट लावा, इंजिनाचा भाग ओल्या फडक्यानं पुसा, कोपरापर्यंत साबणानं हात धुवा, कोरडे करा, मग प्लगला हात लावा. प्लग, कार्बोरेटरचा जेट, फवाऱ्याचा नोझल, यातलं काहीही तोंडानं फुंकायचं नाही. बिडी-सिगारेट पेटवणाऱ्याला दूर पाठवा. काम औषधाच्या डब्यांपासून आणि पाण्याच्या कॅनपासून लांब, सुक्या जागी करा.

प्लग काढणे

इंजिन गरम असेल तर थांबा. प्लगवरची रबरी टोपी वायरला धरून ओढू नका, टोपीलाच धरून किंचित पिळत वर घ्या. प्लगच्या मुळाशी माती, गवताचा भुसा अडकलेला असतो. तो ब्रशनं झटका, नाहीतर प्लग निघताच सगळं सिलेंडरमध्ये पडतं.

पाना सरळ बसवा. लहान इंजिनांचे प्लग बहुधा १९ किंवा २१ च्या पान्याचे असतात, बऱ्याच मोटरसायकलींचे १६ चे. पाना तिरका राहिला तर वरची चिनीमाती तडकते, आणि ती तडक केसाएवढी असल्यामुळे नंतर आठ दिवस सापडत नाही.

आता पुसू नका, वाचा

इथे सगळे चुकतात. प्लग हातात आला की बोट आपोआप सदऱ्याकडे जातं आणि पुसून मोकळं होतं. पण पंप ओव्हर का झाला याचा पुरावा त्या टोकावरच असतो. आधी उजेडात धरा, वास घ्या, दोन बोटांत चोळून बघा.

टोक ओलं, पेट्रोलचा वास, खालचा रंग विटकरी किंवा फिका तपकिरी: इंजिन निरोगी आहे, चूक चोकची. वाळवा, लावा, विषय संपला.

टोक कोरडं पण मखमलीसारखी काळी काजळी, बोटाला काळं लागतं: हवा कमी पडते आहे. एअर फिल्टर तुंबला आहे, चोक अर्धवट अडकून राहतो आहे, किंवा पंप फार वेळ मंद रेसवर ठेवला जातो.

टोक काळं, चिकट, तुळतुळीत: ऑइल जास्त. टू-स्ट्रोकमध्ये बहुतेक वेळा मिश्रण चुकलेलं असतं. मोटरसायकलला मात्र असं दिसलं तर पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्हची सील गेलेली असू शकते.

टोक पांढरं फटक, मधली काडी झिजून गोल: इंजिन फार तापतं आहे, पेट्रोल किंवा ऑइल कमी पडतं आहे. हे ओव्हर होण्याच्या उलट दुखणं आहे आणि त्याहून धोक्याचं. ऑइल न टाकता नुसतं पेट्रोल भरलं तर टू-स्ट्रोक इंजिन जाम होऊ शकतं.

टोकावर पाण्याचे थेंब, ऑइलवरून घरंगळणारे: पेट्रोलात पाणी आहे. प्लग कितीही घासा, पेट्रोलची टाकी रिकामी केल्याशिवाय फरक पडणार नाही.

शेजारच्या पोराचा प्लग ओला तर होताच, पण खाली काळा चिकट थरही होता. म्हणजे चोकच्या चुकीआधीपासून दुसरं काहीतरी चालू होतं. ते पुढे सांगतो.

इंजिनातलं पेट्रोल बाहेर काढणे

प्लग नुसता पुसून परत लावला, तर पहिल्याच दोरीला तो पुन्हा भिजतो, कारण आत साचलेलं पेट्रोल तसंच आहे. टू-स्ट्रोकमध्ये ते पिस्टनच्या खालच्या पेटीतही साचतं.

स्विच बंद करा. कॉक बंद असल्याची पुन्हा खात्री करा. प्लगची टोपी भोकापासून लांब वळवून ठेवा. औषधाची टाकी रिकामी असेल किंवा सुटी करता येत असेल, तर पंप असा आडवा करा की प्लगचं भोक खाली येईल. टाकी भरलेली असेल तर उभाच ठेवा. भोकाच्या समोर कुणी थांबू नका. रेस पूर्ण, चोक काढलेला, आणि दहा-बारा वेळा दोरी ओढा. आधी फवारा उडेल, मग नुसती वाफ, मग कोरडी हवा. भोक मोकळं ठेवून पंप दहा-पंधरा मिनिटं वाऱ्याला राहू द्या. तोवर प्लगचं काम होतं.

प्लग साफ करणे

बाटलीच्या झाकणात थोडं साधं पेट्रोल घ्या, ऑइल मिसळलेलं नको. दात घासायच्या ब्रशनं टोक, बाहेरचा पाय आणि आटे घासा. मग मधल्या चिनीमातीभोवतीच्या खोल खाचेत ब्रशचे केस शिरवा. करंट गळतो तो तिथूनच, आणि तीच जागा लोक सोडतात. चिवट कार्बन बाभळीच्या काट्यानं किंवा बांबूच्या काडीनं खरवडा. लोखंडी खिळा आणि तारेचा ब्रश चिनीमातीला लावू नका. लोखंड तिच्यावर पेन्सिलीसारखी रेघ सोडतं आणि त्या रेघेवरूनही करंट पळतो.

पॉलिश पेपर फक्त दोन ठिकाणी चालतो: मधल्या काडीच्या माथ्यावर आणि बाहेरच्या पायाच्या आतल्या बाजूला. पेपरची छोटी पट्टी मधून दोनदा सरकवली की धातू चमकतो. खाचेत पेपर कोंबू नका. सुटलेला दाणा आत राहिला तर तो सिलेंडरमध्ये जाऊन ओरखडे पाडतो. घासून झालं की पुन्हा एकदा पेट्रोलात खळबळून घ्या.

मग वाळवणं. आपल्याकडे प्लग चुलीत धरायची किंवा त्यावर पेट्रोल टाकून पेटवायची सवय आहे. मी ती सोडली. चुलीचा आणि लायटरचा पिवळा जाळ स्वतःच काजळी देतो, एकदम तापल्यानं चिनीमाती तडकू शकते, आणि पेट्रोल सांडलेल्या जागेजवळ आग आणणं हे तर करूच नये असं काम आहे. ऊन असेल तर उन्हात पत्र्यावर दहा मिनिटं पुरतात. ढग असतील तर कोरड्या चिंधीनं टिपून वाऱ्यात धरा.

गॅप

मधली काडी आणि बाहेरचा पाय यांच्यातली फट या इंजिनांना साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर लागते. नेमका आकडा पंपाच्या पुस्तिकेत असतो. फीलर गेज (फट मोजायची पट्टी) नसेल तर हाताच्या आरीचं साधं पातं घ्या. त्याची जाडी ०.६५ मिमीच्या जवळपास असते. दातांच्या बाजूनं नाही, पाठीच्या बाजूनं. पातं किंचित अडत सरकलं की गॅप बरोबर. फट मोठी असेल तर बाहेरचा पाय लाकडावर अलगद ठोका. लहान असेल तर तोच पाय पकडीनं हलकेच उचला. मधल्या काडीवर टेकू देऊन उचकटू नका.

ठिणगी पाहणे

इंजिनाच्या भोकातून पेट्रोलचा वास येणं थांबल्यावरच हे करा. भोकावर कोरडी चिंधी ठेवा, सांडलेलं पेट्रोल पुसा, प्लग धुतलेल्या पेट्रोलचं बाटलीचं झाकण नि बाटली दूर न्या. प्लग टोपीत बसवा, त्याचे आटे भोकापासून लांब इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा आणि हात रबरावर ठेवा. स्विच चालू करून दुसऱ्याला दोरी ओढायला सांगा. हातानं सावली केली की ठिणगी नीट दिसते. निळसर-पांढरी, 'टक' असा आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळी-नारिंगी, बारीक, कधी पडते कधी नाही, अशी असेल तर नवीन प्लग लावून पाहा. प्लगचे आटे धातूला न टेकवता दोरी ओढू नका. करंटला वाट मिळाली नाही तर कॉइलवर ताण येतो.

नव्या प्लगलाही ठिणगी नसेल, तर स्विचची वायर सोलून कुठे अंगाला टेकली आहे का ते बघा. फवारणी पंपात औषधानं आणि ओलीनं हे पुष्कळदा होतं.

बसवणे आणि सुरू करणे

प्लग पान्यानं नाही, बोटांनी फिरवत बसवा. आटा तिरका लागला तर बोटाला लगेच कळतं, पान्याला कळत नाही. इंजिनाचं डोकं ॲल्युमिनियमचं असतं, आटे एकदा गेले की खर्च मोठा. बोटांनी पूर्ण बसल्यावर नवीन प्लग पान्यानं अर्धा फेरा, वापरलेला प्लग एक अष्टमांश ते पाव फेरा. बस. टोपी 'खट' बसेपर्यंत दाबा.

पेट्रोल सांडलं होतं त्या जागेपासून पंप दहा पावलं दूर न्या. आता कॉक उघडा, पण चोक लावू नका. आत अजूनही पुरेशी वाफ असते. रेस अर्धी ठेवा आणि दोरी ओढा. दोन-चार झटक्यांत पांढरा-निळा धूर सोडत पंप उठतो. लगेच औषध मारायला पळू नका, मिनिटभर मध्यम रेसवर चालू द्या. प्लगचं टोक साधारण ४५०-५०० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की उरलीसुरली काजळी स्वतःच जळते. मंद रेसवर ते तेवढं तापतच नाही. ओळीच्या शेवटी गप्पा मारत पंप भुरभुरत ठेवणारे जास्त वेळा प्लग साफ करतात, त्याचं कारण हेच.

परत का ओव्हर होतो

त्या पोराचा पंप सुरू झाला, पण मी त्याला मिश्रणाची बाटली दाखवायला सांगितली. पेट्रोल गर्द हिरवं. विचारलं तर म्हणाला, "ऑइल थोडं जास्तच टाकतो, इंजिनला बरं राह्यते." काळा चिकट थर तिथून आला होता. पंपाच्या पुस्तिकेत २५:१ लिहिलं असेल तर एका लिटर पेट्रोलला ४० मिली २टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल, ५०:१ असेल तर २० मिली. अंदाज नाही, मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आणा आणि ती याच कामाला ठेवा. औषधाचं माप तर मुळीच वापरू नका. मोटरसायकलचं किंवा ट्रॅक्टरचं ऑइल, त्यातही वापरून काढलेलं, टू-स्ट्रोकमध्ये घालू नका. ते नीट जळत नाही आणि प्लगवर, सायलेन्सरमध्ये थर धरतं.

एअर फिल्टरचा स्पंज दर दोन-तीन दिवसांनी काढून साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, ऑइलचे दोन थेंब चोळून पिळून लावा. पावडरचं औषध आणि धूळ बसून तो पापडासारखा झाला, की चोक काढलेला असूनही इंजिनाला तो लावल्यासारखाच वाटतो.

पंप उभा असताना कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकत असेल, तर कार्बोरेटरच्या वाटीतली, पेट्रोल अडवणारी नीडल कचऱ्यानं अडकली आहे. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं वाटीवर हलके दोन-तीन ठोके द्या, पुष्कळदा सुटते. काही कार्बोरेटरला वाटीशेजारी छोटं बटण असतं. ते दाबून धरलं की पेट्रोल चढतं. ते फक्त थंड इंजिनाला आणि क्षणभर दाबायचं. पेट्रोल भरताना बारीक जाळी वापरा, आणि काम संपलं की कॉक बंद करून पंप आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे वाटीत काही उरत नाही. हे शेवटचं फार मोलाचं आहे, कारण आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल ओल धरतं. पावसाळ्यात पेट्रोलची अर्धवट भरलेली डबडी महिनाभर कोठ्यात पडली की तळाला पाण्याचा थर बसू शकतो. शंका असेल तर काचेच्या स्वच्छ बाटलीत थोडं ओतून उजेडात धरा, दोन थर दिसले तर ते पेट्रोल वापरू नका.

हंगामानंतर पहिल्यांदा पंप काढाल तेव्हा सायलेन्सरच्या तोंडात काडी घालून बघा. कुंभारमाशी तिथे मातीचं घर करते. धूर बाहेर पडत नसेल तर ताजी हवा आत येत नाही, आणि प्लग भिजत राहतो.

मोटरसायकल असेल तर

कार्बोरेटरवाल्या गाडीला कॉक बंद, चोक काढलेला, रेस पूर्ण पिळलेली, आणि सात-आठ किका. नाही झाली तर प्लग काढून वर सांगितलेलंच करायचं. ऑइल पेट्रोलात मिसळलेलं नसल्यामुळे प्लग लवकर वाळतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाचा नवा नियम) गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आलं आहे. तिथे ओला प्लग दिसला तर नुसता वाळवून भागवू नका, गाडी दाखवून घ्या.

मिस्त्रीकडे न्यायची वेळ

साफ करून, मिश्रण बदलून, फिल्टर धुऊनही तासाभरात प्लग परत काळा ओला होत असेल, किंवा दोरी ओढताना दाब मुळीच जाणवत नसेल, तर पंप बंडीत घाला. जुना प्लग न पुसता कागदात गुंडाळून सोबत न्या. नवीन घेतानाही तोच नंबर मिळतो. आट्यांची लांबी वेगळी निघाली तर प्लग पिस्टनवर आदळू शकतो. मिस्त्रीला नुसतं "सुरू होत नाही" म्हणू नका. प्लग ओला होता की कोरडा, रंग कोणता, ठिणगी निळी होती की पिवळी, कॉक बंद केल्यावर ठिबकणं थांबतं की नाही, मिश्रण किती मिलीचं, हे सांगा. मग तो आधी कार्बोरेटर खोलायचा की कॉइल तपासायची, हे तुमच्यासमोरच ठरवू शकतो.